चावल्यापासून पहिल्या सलाइनपर्यंत : पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पालघर.

विषय : डहाणू-तलासरीतील सर्पदंश, पाड्यावरचा प्रथमोपचार आणि त्यापुढचा रस्ता.

महोदय,

पहिला जोराचा पाऊस झाला की कोसबाडच्या टेकडीखालच्या ओहोळांत वलगणीचे मासे चढू लागतात आणि पाड्यापाड्यांतली माणसे रात्री बत्त्या घेऊन पाण्यात उतरतात. पाठोपाठ पेरणी, चिखलणी, आवणी. पाऊस ओसरला की भातकापणी आणि मग गवतकापणी. हात मुळाशी आणि पाय उघडे, अशीच ही सगळी कामे. याच दिवसांत बिळांत पाणी शिरते. उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे सापही बांधावर, पेंढ्यात, कुडाच्या घरातल्या कणगीच्या आडोशाला येतात. ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, ही आरोळी ऐकू येण्याचा काळ तो हाच.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने पावसाळ्यापूर्वी पूर, वीज, दरड यांची तयारी पाहणे आपल्याकडे येते. त्या यादीत सर्पदंशही धरावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे, की यातला अर्धा मजकूर आपल्यासाठी आहे आणि अर्धा पाड्यांसाठी.

सर्पदंशाच्या फलकांवर आणि पत्रकांत ठरलेले वाक्य असते : भगताकडे जाऊ नका, ताबडतोब रुग्णालयात जा. वाक्य खरे आहे. पण त्याच्या पहिल्या भागाची जबाबदारी पाड्यावर येते आणि दुसऱ्या भागाची कुणावर, ते सांगितलेले नसते. सर्पदंशाच्या प्रथमोपचारात घरच्या माणसांनी करायचे फार थोडे असते. उरलेला सगळा प्रथमोपचार म्हणजे प्रवास. वाहन, रस्ता, फोन, आणि पोहोचल्यावर औषध देणारा डॉक्टर. तो भाग शासनाने उभा केल्याशिवाय पाड्याला नुसते ‘शहाणे व्हा’ म्हणण्याला अर्थ नाही. माझे सांगणे एवढेच आहे.

आधी प्रश्नाचा आकार. ‘ईलाइफ’ या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली निम्मी तीस ते एकोणसत्तर वयाची, कमावती, घर चालवणारी. पाव हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाची विषबाधा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतली. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची करा, असे राज्यांना कळवले. म्हणजे धोरण आहे, मुदतही आहे. ते डहाणूतल्या दाभाडी-सायवनच्या बाजूच्या पाड्यांपर्यंत उतरवायचे आहे.

डहाणूचा अभ्यासही झालेला आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डहाणूतल्या आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रातर्फे इथले आदिवासी, भगत, सर्पमित्र आणि आरोग्य कर्मचारी या सगळ्यांशी बोलून जे टिपले, ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर त्या कामात सहभागी होते. चावलेल्या जागी चिंचोके किंवा लोहचुंबक लावले की विष उतरते, असा समज त्यांना इथे आढळला. आवळून बांधण्याची सवय आढळली. भगतावरचा विश्वास आढळला. आणि त्याच अभ्यासात हेही आढळले की आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण अपुरे आहे. आपण चिंचोक्यांची चर्चा फार करतो. हे शेवटचे वाक्य मात्र सहसा कुणी उद्धृत करत नाही.

आता पाड्यांसाठी, काय करायचे आणि का.

साप चावल्यावर पहिली गोष्ट, सापापासून दूर व्हा आणि बसा. पळू नका, चालूही नका. स्नायू हलले की विष शरीरात लवकर पसरते. चावलेल्या माणसाला धीर द्या, आणि तो धीर खोटा नसतो. बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कितीदा विष न सोडता नुसता चावतो. दुसरी गोष्ट, हाताला चावले असेल तर बांगड्या, अंगठ्या, कडे आणि पायाला चावले असेल तर जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज चढली की तेच दागिने रक्त अडवतात. तिसरी, हातपाय मोडल्यावर करतात तसे एक सरळ काठी किंवा फळी लावून, फडक्याने सैलसर बांधून तो हात किंवा पाय स्थिर करा. फडक्याखालून बोट सहज गेले पाहिजे. चौथी, माणूस ग्लानीत असेल किंवा ओकत असेल तर त्याला डाव्या कुशीवर ठेवा आणि तोंडाने काही देऊ नका. पाचवी, निघा.

काय करू नये, त्याची यादी याहून लांब आहे आणि तिच्यातल्या चुकांनी माणसे दगावली आहेत. दोरीने किंवा सुतळीने आवळून बांधू नका. घोणस आणि फुरसे यांचे विष मांस कुजवते. ते एका जागी कोंडले तर पाय कापायची वेळ येते. आधीच कुणी बांधले असेल तर वाटेत घाईने सोडूही नका, कारण अडलेले विष एकदम अंगात जाते. ते सोडण्याचे काम डॉक्टर उपचाराची तयारी ठेवून करतील. ब्लेडने चीर देऊ नका. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचे थांबलेले असते, त्यावर चीर दिली की रक्त वाहतच राहते. तोंडाने चोखून विष निघत नाही. बर्फ, विजेचा झटका, पोटॅशियम परमँगनेटचे लाल पाणी, यांतले काहीही उपयोगाचे नाही. दारू तर अजिबात नको.

साप मारून बरोबर आणण्याचीही गरज नाही. तो मारण्याच्या नादात दुसऱ्याला चावतो आणि वेळ जातो तो वेगळाच. आपल्याकडे मिळणारी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रच बनवलेली असते. ठरावीक मात्रेत विष टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातून ती काढतात, आणि महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या हाफकिनचे नाव कुणाला नवे नाही. चावला तो या चौघांपैकी कोणता, हे डॉक्टर रुग्णाच्या लक्षणांवरून ओळखतात. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर काढा, नाही तर सोडून द्या.

एका सापाबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे, कारण तो फसवतो. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. माणूस मध्यरात्री पोटात दुखते म्हणून उठतो, ओकतो. घरच्यांना वाटते, खाण्यात काही आले असेल. पहाटे पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात खाली निजलेल्या धडधाकट माणसाला अचानक पोटदुखी सुरू झाली आणि डोळे उघडता येईनासे झाले, तर साप पाहिला नसला तरी सर्पदंश समजूनच निघावे. मण्याराच्या काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ होतात. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. पण अंधारात हा फरक पाहत बसायचे नाही.

आता भगताविषयी, कारण त्याला वगळून डहाणू-तलासरीत काही होत नाही. भगताकडे नेलेली बरीच माणसे बरी होतात, हे खरेच आहे. कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप चावलेले असतात, आणि काहींना विषारी सापाचा कोरडा दंश झालेला असतो. भगताची ख्याती या सापांनी उभी केली आहे. खरा विषारी दंश आला की तीच ख्याती जीव घेते. पण भगत हा पाड्यावरचा पहिला माणूस आहे, रात्री दोन वाजता उठणारा आहे आणि रुग्णाच्या भाषेत बोलणारा आहे. त्याला शत्रू ठरवणारी मोहीम पाड्यावर टिकणार नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट मागावी : मंत्र म्हणायचा तर गाडी येईपर्यंत म्हण, अंगारा लावायचा तर लाव, पण बांधू नकोस, कापू नकोस, काही पाजू नकोस, आणि ‘आता दवाखान्यात न्या’ हा शब्द तूच दे. तो शब्द त्याच्या तोंडून आला की कुटुंब जागचे हलते. डहाणूच्या अभ्यासानेही भगत आणि सर्पमित्र यांना बरोबर घेण्याचीच शिफारस केली आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या हद्दीतल्या भगतांना वर्षातून एकदा मानाने बोलवावे. ज्याने रुग्ण वेळेत पुढे पाठवला, त्याचा सत्कार ग्रामसभेत करावा.

महोदय, आता रस्त्याकडे येतो.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण डहाणूच्या पूर्व पट्ट्यात फोनला रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, आणि पावसात कित्येक पाड्यांपर्यंत चारचाकी जातच नाही. रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. या अडचणीवर नेपाळच्या तराईत, दमक या गावाच्या आसपास एक साधा उपाय करून पाहण्यात आला. गावागावांत मोटारसायकल असलेले स्वयंसेवक नेमले. साप चावला की फोन त्यांना जायचा. रुग्णाला चालक आणि मागे बसलेला एक माणूस यांच्यामध्ये बसवून, मागच्याने त्याला धरून, थेट सर्पदंशावर उपचार करणाऱ्या केंद्रात न्यायचे. जोडीला गावकऱ्यांचे शिक्षण. त्या भागात सर्पदंश झालेल्यांमधले मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. यात नवे औषध नव्हते, नवे रुग्णालय नव्हते. दुचाकी कुणाची, हे आधी ठरलेले होते, आणि कुठे जायचे तेही.

आपल्याकडे मोटारसायकल नाही असा पाडा आता शोधावा लागेल. नाही ती दुचाकीस्वारांची यादी, आणि पेट्रोलच्या पैशाचे उत्तर. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी मिळतो आणि तो आरोग्यावरही खर्च करता येतो. पाड्यागणिक दोन दुचाकीस्वार, त्यांची नावे आणि फोन ग्रामसभेत ठरलेले, अंगणवाडीच्या दारावर रंगवलेले, आणि पेट्रोलचा खर्च अबंध निधीतून दुसऱ्या दिवशी हातात. त्यासाठी आपल्या एका मार्गदर्शक पत्राची गरज आहे. ते पत्र नसले तर ग्रामपंचायत अधिकारी लेखापरीक्षणाच्या भीतीने खर्च टाकणार नाही, हे आपणही जाणता.

दुचाकी कुठे जायची, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. कागदोपत्री प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालये आणि तलासरीचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. रुग्ण एका खात्याच्या दारातून दुसऱ्या खात्याच्या दारात जातो, तिथून कधी वलसाड किंवा सिल्वासाला, म्हणजे राज्याबाहेर. प्रत्येक दारात त्याला पुढची चिठ्ठी मिळते आणि लसीची सलाइन मात्र शेवटच्या दारात लागते. या दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवणे आपल्या कार्यालयाला शक्य आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात काय असायला हवे, त्याची यादी फार महाग नाही. लसीच्या दहा कुप्या, कारण विषबाधेची लक्षणे दिसताच पहिली मात्रा साधारण तेवढीच द्यायची असते, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. भुकटीच्या रूपातल्या कुप्या फ्रिजवाचूनही ठेवता येतात, त्यामुळे वीज नसल्याची सबब उरत नाही. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी अ‍ॅड्रेनालिन. नाग-मण्यारासाठी निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन. श्वास थांबू लागला तर हाताने दाबायची अँबू बॅग, आणि ती रुग्णालयापर्यंत दाबत जाणारा माणूस. मण्याराचे विष नसांना चिकटले की लसही ते पटकन सोडवू शकत नाही. तेव्हा त्या माणसाचे दोन हात हेच औषध असते. आणि एक काचेची परीक्षानळी, कोरडी, स्वच्छ, साबणाचा अंश नसलेली. त्यात रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरकी करून बघायचे. रक्त गोठले नसेल तर घोणशी-फुरशाचे विष काम करते आहे. या तपासणीला ना वीज लागते, ना प्रयोगशाळा.

लक्षणे नसताना डॉक्टर लस टोचत नाहीत, हेही पाड्यांना समजावून सांगायला हवे. ‘इंजेक्शनच दिले नाही’ म्हणून रुसून रुग्ण उठून नेऊ नये. चोवीस तास नजरेखाली ठेवणे हाही उपचारच आहे. उलट, लक्षणे दिसत असताना पहिली मात्रा न देता ‘पुढे न्या’ म्हणणे हा उपचार नव्हे. घोणशीचा रुग्ण उशिरा पोहोचला की मूत्रपिंडे बंद पडतात आणि गरीब कुटुंब डायलिसिसच्या फेऱ्यांत सापडते. आणि आपल्या डोंगरांतल्या हिरव्या चापडा सापाच्या विषावर या लसीत उतारा नाही. त्याच्या दंशाला सूज आणि वेदना सांभाळणारे उपचार लागतात. हा फरक तालुक्यातल्या प्रत्येक नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला रुजू होण्याच्या पहिल्याच आठवड्यात माहीत झाला पाहिजे.

चावूच नये यासाठी थोडेच पुरते : रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि काठी, आवणीत आणि गवतात जमेल तिथे गमबूट, धान्य आणि कोंबड्या निजण्याच्या जागेपासून दूर, आणि अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. मलेरियाला अडवणारी मच्छरदाणी मण्यारालाही अडवते. आश्रमशाळांच्या वसतिगृहांत एकही मूल पावसाळ्यात फरशीवर निजणार नाही, एवढे तरी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून लिहून घ्यावे.

हे सगळे कोसबाडहून लिहिताना एका जुन्या कामाची आठवण देणे भाग आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ साली या टेकडीवर आले. मुले शाळेत येत नाहीत, गुरांमागे जातात, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली, बालवाडी अंगणात मांडली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडीची मुळे या मातीत आहेत. सर्पदंशाच्या बाबतीत आपण अजून उलटे वागतो आहोत. रुग्ण आमच्याकडे आला नाही म्हणून त्याला अडाणी म्हणतो. या तालुक्याने सत्तर वर्षांपूर्वी दाखवलेली दिशा दवाखान्यालाही लागू आहे.

म्हणून आपल्याकडे पाच मागण्या आहेत :

१. सर्पदंश हा जिल्ह्याच्या मान्सूनपूर्व तयारीत स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा. जिल्हा परिषद, जिल्हा शल्यचिकित्सक आणि आदिवासी विकास प्रकल्प यांची आवणीपूर्वी एकत्र बैठक घ्यावी.

२. कोणत्या पाड्याने कोणत्या केंद्रात जायचे, याचा नकाशा करून तो अंगणवाडी, शाळा आणि रेशन दुकानावर लावावा. त्या केंद्रात रात्रीही डॉक्टर आणि लस असेल, याची जबाबदारी नावानिशी ठरवावी.

३. पाड्यागणिक दुचाकीस्वार नेमणे आणि अबंध निधीतून पेट्रोल देणे यासाठी ग्रामपंचायतींना लेखी मार्गदर्शन द्यावे.

४. आशा, अंगणवाडी सेविका, भगत आणि सर्पमित्र यांचे एकत्र प्रशिक्षण वारली बोलीत घ्यावे. त्यात काठी-फडक्याने पाय स्थिर करण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा.

५. प्रत्येक दंशाची आणि मृत्यूची नोंद व्हावी, आणि त्यात दोन वेळा लिहिल्या जाव्यात : साप कधी चावला, आणि लसीची पहिली सलाइन कधी लागली. घरीच दगावलेल्यांचीही नोंद आशांकडून घ्यावी, नाही तर जे रुग्णालयापर्यंत आले नाहीत ते आकड्यांतही येणार नाहीत.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या दोन वेळांमधले अंतर दर महिन्याला आपल्या टेबलावर आले, तर कुठे फोन लागला नाही, कुठे गाडी नव्हती, कुठे भगताकडे रात्र गेली आणि कुठे डॉक्टर नव्हता, हे वेगळे सांगावे लागणार नाही. पहिल्या वर्षी ते आकडे बरे दिसणार नाहीत. तरीही ते ग्रामसभांपुढे वाचून दाखवावेत. पाड्यांनी आपल्या बाजूची मिनिटे कमी करावीत आणि प्रशासनाने आपल्या बाजूची.

आपला,
कोसबाडचा एक रहिवासी
ता. डहाणू, जि. पालघर